लेप्टोचा मृत्यू हा कामावरचाच मृत्यू आहे

सफाई कामगार गटारात गुदमरून मेला, तर निदान बातमी होते. तोच कामगार नाली उपसून घरी आला, आठ-दहा दिवसांनी तापाने फणफणला आणि किडनी निकामी होऊन वारला, तर तो 'आजाराने गेला'. हा फरक आम्हाला मान्य नाही.

लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदीर, डुकरे, गुरे यांच्या मूत्रातून पाण्यात-चिखलात येतात आणि पायाच्या भेगांतून शरीरात शिरतात. किडनीच्या नलिकांत ते ठाण मांडतात. सुरुवातीला लघवी नेहमीसारखी होते, म्हणून कोणी घाबरत नाही. रक्तातले क्रिएटिनिन मात्र वाढत असते. लघवी कमी झाली, डोळे पिवळे पडले, की मृत्यूचा धोका खूप वाढतो. वेळेवर अँटिबायोटिक आणि गरजेनुसार डायलिसिस मिळाले, तर वाचलेल्या बहुतेकांची किडनी पुन्हा काम करू लागते. म्हणजे जीव जातो तो बहुतेकदा उशिरामुळे. आणि उशीर त्यालाच होतो, ज्याला एक दिवसाची मजुरी बुडवणे परवडत नाही.

जगात दरवर्षी या रोगाने सुमारे ५९ हजार माणसे मरतात, असा अंदाज आहे. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत साथ आली, तेव्हा सगळे जागे झाले. आमच्या वस्तीतला माणूस मात्र वर्षभर त्याच पाण्यात उभा असतो.

आमच्या वर्धा जिल्ह्यात १९३६ साली गांधीजी सेवाग्रामला राहायला आले. त्याच वर्षी बाबासाहेबांचे 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' प्रसिद्ध झाले. एकीकडे सफाईला सेवा म्हणून गौरवले गेले, दुसरीकडे ते काम जन्मावरून का वाटले जाते, हा प्रश्न विचारला गेला. गौरवाने गमबूट मिळत नाहीत. प्रश्न विचारल्यानेच मिळतात.

म्हणून तरुणांनो, पावसाळ्याआधी आपल्या नगरपरिषदेला, ग्रामपंचायतीला विचारा: कंत्राटी कामगारांनाही गमबूट-हातमोजे दिले का? डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन मिळते का? ताप आलेल्या कामगारासोबत दवाखान्यात जा, 'हा नालीत काम करतो' हे डॉक्टरांना सांगा, क्रिएटिनिन तपासायची विनंती करा. केसपेपरवर व्यवसाय लिहून घ्या. कामातून जडलेला संसर्ग सामाजिक सुरक्षा संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यावसायिक आजार म्हणून आहे. नोंदच नसेल तर दावा कशावर करणार?

संविधानाने दिलेला जगण्याचा हक्क नालीच्या काठावर संपत नाही.

जय भीम!