अंगुष्ठमूलाचा संधिवात

कणीक तिंबतांना किंवा कुलुपांत किल्ली फिरवितांना अंगठ्याच्या मुळाशीं कळ उठते, ही घरांतील वडील स्त्रियांची नेहमींची तक्रार. विश्रांति, आधारपट्टी व औषधें यांनीं गुण न आल्यास शस्त्रक्रिया सुचविली जाते, पण कोणती?

गर्व्हिस यांनीं १९४९ सालीं त्या सांध्याचें ट्रॅपेझियम नांवाचें हाड काढून टाकण्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पुढें १९८६ सालीं बर्टन व पेलेग्रिनी यांनीं कंडरेनें अंगठा बांधून ती पोकळी भरण्याची जोड दिली. ही रीत अधिक परिपूर्ण भासते. परंतु २०१५ च्या कॉक्रेन समीक्षेंत वेदनाशमन व हाताची कार्यक्षमता यांत कोणत्याहि रीतीचें श्रेष्ठत्व सिद्ध झालें नाहीं. सांधा जखडल्यास पकड भक्कम राहते, पण तळहात सपाट टेकत नाहीं. कृत्रिम सांध्यानें हात लवकर चालूं लागतो. मात्र तो ढिला होण्याचें वा निखळण्याचें भय असतें.

सबब अधिक कलाकुसर म्हणजे अधिक गुण, असें समजूं नये. हातानें कोणतें काम करावयाचें आहे, हें रोगिणीनेंच शस्त्रवैद्यास सांगावें. घरच्या पुरुषांनीं तिच्या वतीनें उत्तर देऊं नये. बळ परत येण्यास कित्येक महिने लागतात. तोंवर पोळपाट दुसऱ्या कोणीं घ्यावा, एवढेंच आमचें सांगणें.