‘फोर बाय फोर’चा दांडा

मैत्रिणींनो, गाडी घेताना रंगापलीकडे आपल्याला कुणी विचारतं का? पण भर पावसात लातूरकडच्या काळ्या रानातून अडलेल्या बाळंतिणीला काढायचं, तर फोर बाय फोरचा दांडा बाईलाही टाकता यायलाच हवा! थार फोर बाय फोरमध्ये ही सोय पार्ट-टाइम. दांडा टाकला की पुढच्या-मागच्या चाकांच्या जोड्या एकमेकींना जखडतात. चिखलात चाकं घसरतात, म्हणून निभतं. कोरड्या डांबरावर वळताना मात्र पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं. तिथे गाडी अडखळते, आतले गिअर झिजतात. लँड रोव्हर डिफेंडर फुल-टाइम; तिथे मधला डिफरन्शियल हा फरक सांभाळतो. पण किंमत ऐकूनच घाम फुटतो! आपल्याला पार्ट-टाइम भरपूर झालं. फक्त औशाच्या डांबरी रस्त्याला लागताच दांडा परत ‘टू एच’वर घ्यायचा, हे घरच्या पुरुषांनाही ठणकावून सांगा.