काडतुसांच्या परीक्षेची सार्वजनिक सोय

परदेशांतील हौशी नेमबाज रिकाम्या काडतुसांत स्वतः तोलून दारू भरतात, गोळीचा वेग यंत्रावर मोजतात आणि ज्या मापाने कागदावरील छिद्रे एकमेकांच्या अगदी निकट पडतात ते माप वहीत टिपून ठेवतात. आपल्याकडे मात्र 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमान्वये दारूगोळा तयार करणेच नव्हे, तर त्याची परीक्षा घेणेही परवान्यावाचून निषिद्ध आहे, आणि लोकांच्या सुरक्षिततेसाठी हा निर्बंध मला सर्वथा उचित वाटतो. तथापि त्यामुळे परीक्षेची निकड टळत नाही. 50 मीटर रायफलीच्या पॉइंट टू-टू काडतुसात पेट घेणारे द्रव्य बुडाच्या कडेतच बसवलेले असल्याने ते घरी पुन्हा भरण्याजोगे नसतेच. तेव्हा कारखान्याच्या निरनिराळ्या लॉटांतून आपल्या नळीला मानवणारा लॉट हुडकणे, एवढेच नेमबाजाच्या हाती उरते.

या शोधाचे मोल अंकांतच पाहावे. गोळी सेकंदाला सुमारे 325 मीटर वेगाने, म्हणजे ध्वनीपेक्षा किंचित मंद, नळीबाहेर पडते. एखादी गोळी 10 मीटरने मंद निघाली तर निव्वळ गुरुत्वाकर्षणाने ती 50 मीटरवर सुमारे 7 मिलिमीटर खाली उतरते, आणि दहा गुणांच्या वर्तुळाचा संपूर्ण व्यास अवघा 10.4 मिलिमीटर! अर्थात वेग सारखा असला म्हणजे नेम साधलाच असे नव्हे, कारण प्रत्येक नळीचे कंपन निराळे. म्हणून नळी पोलादी पकडीत घट्ट आवळून, माणसाचा श्वास आणि हाताचा कंप वगळून, प्रत्येक लॉटच्या दहा-दहा गोळ्या झाडाव्या लागतात. 

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकला याच 50 मीटर रायफलीत 451.4 गुणांनी कांस्यपदक मिळवले. जेथे दशांशांवर पदक ठरते, तेथे लॉटची निवड हा श्रीमंती षोक नव्हे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम किंवा जर्मनीतील श्योनेबेक येथील काडतूस-कारखान्यांच्या चाचणीकेंद्रांपर्यंतचा प्रवास मध्यमवर्गीय घरच्या मुलीला कसा परवडावा? भारतीय विज्ञान संस्था आणि राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळा ज्या बेंगळुरूत आहेत, तेथे अशी सोय उभारायला अचूक मोजमापाची विद्या वा माणसे बाहेरून आणावी लागणार नाहीत. कर्नाटक सरकारने रायफल संघटनेच्या दिमतीस एक बंदिस्त चाचणीशाळा द्यावी, परवाना संस्थेच्या नावे असावा, प्रत्येक काडतुसाची नोंद दफ्तरी राहावी आणि शेजारच्या महाराष्ट्रातील नेमबाजांनाही मुभा असावी. त्यांनी आपली रायफल व कागदपत्रे घेऊन यावे, माफक शुल्क भरून लॉट पारखावेत आणि पसंत पडलेल्या लॉटची मागणी त्याच दिवशी नोंदवावी.