कपाटातील सूक्ष्मदर्शक

मुलासाठी सूक्ष्मदर्शक घेणारा पालक दुकानात प्रथम विचारतो, ‘किती पट मोठे दिसते?’ खेळण्याच्या पेटीवर ‘१२०० पट’ असे ठळक छापलेले असते आणि त्यावरच खरेदी होते. ही रीत चुकीची आहे. वर्धन वाढले म्हणजे तपशील वाढतोच असे नव्हे. भिंग सामान्य प्रतीचे असेल, तर केवळ धूसरपणा मोठा होतो, प्रकाश मंदावतो आणि दिसणारे क्षेत्र इतके आकुंचित होते की आपण काय पाहत आहोत हेच मुलाला उमगत नाही. आरंभास ४० पट पुष्कळ झाले.

एवढ्या वर्धनातही घर पाहून संपत नाही. मिठाचे कण चौकोनी ठोकळ्यांसारखे, तर साखरेचे तिरकस कडांचे असतात. मिठाच्या पाण्याचा थेंब काचपट्टीवर सुकू दिला, तर कडेपासून इवले चौकोन वाढताना दिसतात. फुलपाखराच्या पंखावरून बोटाला लागणारी भुकटी म्हणजे कौलांसारखे रचलेले खवले होत. वर्तमानपत्रातील रंगीत चित्र हे निळ्या, किरमिजी, पिवळ्या व काळ्या ठिपक्यांचे असते. कांद्याच्या आतील पातळ पापुद्र्यात विटांच्या भिंतीसारख्या पेशी दिसतात. त्यावर सौम्य टिंक्चर आयोडीन टाकल्यास त्या अधिक उठून येतात. त्याच थेंबाने बटाट्यातील पिठूळ कण निळेकाळे होतात. आरशावर थेट सूर्यप्रकाश मात्र कधीही घेऊ देऊ नये. त्याने डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

अशा क्षुल्लक वस्तू पाहणे हा पोरखेळ नव्हे. रॉबर्ट हूक याने १६६५ साली आपल्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथाचा प्रारंभ सुईचे टोक, वस्तऱ्याची धार आणि तलम कापड यांच्या निरीक्षणांनी केला. डेल्फ्ट येथील लेवेनहुक तर कापडाचा व्यापारी. एकाच भिंगाच्या, स्वतः घडविलेल्या उपकरणाने त्याने १६७४ मध्ये तळ्याच्या पाण्यातील सूक्ष्म जीव पाहिले.

इकडे अनेक शाळांतून सूक्ष्मदर्शक कुलूपबंद कपाटात असतो. वर्षातून एखादे दिवशी तो बाहेर निघतो, मुले रांगेने क्षणभर डोळा लावतात आणि वहीत पुस्तकातली आकृती उतरवतात. यंत्र मोडेल, ही शिक्षकाची भीती खोटी नाही. हिशेब त्यालाच द्यावा लागतो. परंतु महाग यंत्र मुलांच्या हाती देता येत नसेल, तर स्वस्त यंत्र देता येईल. मनू प्रकाश व त्यांचे सहकारी यांनी २०१४ मध्ये कागदाच्या घड्यांपासून बनणारा ‘फोल्डस्कोप’ प्रसिद्ध केला. त्याच्या सुट्या भागांची किंमत एका डॉलरहून कमी होती. असे उपकरण मोडले तरी कोणाला लेखी जबाब द्यावा लागू नये.

यंत्राच्या तुटवड्याहून अधिक घातक आहे ती नकललेली आकृती. स्वतः पाहून काढलेले वेडेवाकडे चित्र नापसंत होते आणि न पाहता काढलेल्या सुबक चित्रास गुण मिळतात, हे मुलाला लवकर कळते. जाड काळ्या कडेचे वर्तुळ वहीत उमटले, तर तो बहुधा हवेचा बुडबुडा असतो. शिक्षकाने ते खोडू नये. आच्छादन काच एका कडेने टेकवून हळूहळू खाली कशी सोडावी, हे दाखवावे आणि मुलाला त्याच कांद्याच्या पापुद्र्याकडे पुन्हा पाहू द्यावे.