सुईदोऱ्याचा तास कोणी पळवला?

कोरोनाचे नाव काढले की हल्ली माणसे तोंड फिरवतात. झाले गेले गंगेला मिळाले, म्हणतात. मिळू द्या बापडे! पण त्या साथीने आमच्या शिक्षणाचा जो पंचनामा केला, तो कागद गंगेत सोडता येणार नाही.

२०२० चा एप्रिल आठवा. घरच्या घरी मास्क कसा शिवावा, याची पुस्तिका केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने मार्चअखेरीसच काढली होती. जुना सुती बनियनही चालेल, असे तीत होते. तीन पदरी मास्कची किंमत सरकारने १० रुपयांवर बांधून दिली खरी, पण त्या भावात तो मिळायला तर हवा! इकडे तेलंगणात तोंड झाकल्याशिवाय बाहेर पडायची सोय नव्हती. मे महिन्यात तर १००० रुपये दंडही लागू झाला. म्हणजे मास्क करायचा तो घरीच.

आणि आमच्या बरकतपुऱ्यातल्या शिकल्यासवरलेल्या घरांत काय चित्र दिसले? मुलगा इंजिनियर, सून एम. बी. ए., समोर जुना पंचा, आणि दोघांनाही सुईत दोरा ओवता येईना. अखेर कोपऱ्यातल्या पायमशीनवरचे झाकण काढले ते सत्तरी ओलांडलेल्या आजीने. तिने कापड उजेडासमोर धरून वीण दाट आहे की विरलेली, ते पाहिले. कात्री फक्त काठाला लावली आणि पुढे धाग्याच्या सरळ रेषेत टरकन फाडले. तीन चुण्या घातल्या, त्याही तोंडे खाली करून, म्हणजे त्यांत धूळ साचत नाही. इलॅस्टिक मिळेना, तर परकराची नाडी लावली. ही आजी सातवीपर्यंतच शिकलेली. पण तिच्या सातवीत शिवणाचा तास होता!

कुणी म्हणेल, अहो, चिंधीच ती, तिचे एवढे कौतुक कशाला? २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका इंग्लिश अभ्यासात उशीचा अभ्रा, टी-शर्ट, भांडी पुसायचे फडके, असली घरगुती कापडे तपासली होती. शस्त्रक्रियेच्या वेळचा मास्क घरगुती मास्कपेक्षा जंतू अडवण्यात तिप्पट सरस ठरला. पण काहीच नसण्यापेक्षा घरगुती बरा, हेही त्यांनीच लिहिले. पुढे २०२२ पर्यंत डॉक्टरांनीही विरळ विणीच्या कापडी मास्कवर विसंबू नका असे सांगितले, आणि ते योग्यच. मात्र मंचूरियात १९१०-११ साली फुप्फुसाच्या प्लेगशी झुंजताना डॉ. वू लिएन-तेह यांनी जो मास्क वापरायला लावला, तो जाळीदार कापड आणि कापूस यांचाच होता. त्याकडे दुर्लक्ष करणारे फ्रेंच डॉक्टर मेस्नी त्याच प्लेगने गेले. चिंधी म्हणून हसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

माझा मुद्दा कापडाचा नाही, हातांचा आहे. गांधीजींच्या पुढाकाराने १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि हस्तव्यवसायातून शिक्षणाची योजना आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाले डॉ. झाकीर हुसेन. जन्म १८९७, याच हैदराबादेत! पुढे कोठारी आयोगाने कार्यानुभव सुचवला, १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीने त्याला समाजोपयोगी उत्पादक कार्य असे भारदस्त नाव दिले. नाव जसे लांबत गेले तसा तास आखडत गेला. आज कितीतरी शाळांच्या वेळापत्रकात कार्यानुभवाचा रकाना असतो आणि त्या तासाला फळ्यावर बीजगणित असते. एका शाळेने तर शिवणयंत्रे भंगारात काढून त्या खोलीत स्पर्धा परीक्षेचा वर्ग भरवला. पालकांनी टाळ्या वाजवल्या. जिथे शिवण टिकले आहे तिथे ते मुलींपुरते. मुलाची गुंडी तुटली की आई आहेच!

आणि सुईदोऱ्यात गणित नाही, असे कोणी सांगितले? पन्हा ४५ इंच, लांबी पाच मीटर, अशी सुती साडी घ्या. तुकडा ९ इंच बाय ७ इंच, मास्क दुपदरी. किती होतील? गणितात पंच्याण्णव मिळवणाऱ्या पोरांपुढे मी हा प्रश्न टाकला. क्षेत्रफळाला क्षेत्रफळाने भागून सगळ्यांनी सत्तर सांगितले. मग मी तुकड्याची उंची ८ इंच केली. पुन्हा भागाकार झाला, एकसष्ट आणि वर अपूर्णांक. प्रत्यक्षात निघतात साठ, कारण कडेला उरलेली पट्टी मास्क होत नसते. हे कापड हातात घेतल्याशिवाय कळायचे कसे?

त्या एप्रिलच्या मध्यापर्यंत देशभरच्या बचत गटांतल्या बायांनी एक कोटी नव्वद लाखांच्या आसपास मास्क शिवल्याचे जागतिक बँकेने नोंदवले. त्यांतल्या कितीजणी दहावी पास असतील? आणि ऐन मास्कच्या दिवसांत, जुलै २०२० मध्ये आलेल्या नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले आहेत. सीमाभागातल्या माझ्या मुख्याध्यापक बंधूंनो, त्या दहा दिवसांची सहल करू नका. मशीन नसेल तर अडत नाही. सुई, दोरा आणि घरचा एक जुना पंचा प्रत्येकाला आणायला सांगा; मुलांनाही. आणि गावातल्या एखाद्या आजीला सन्मानाने खुर्ची द्या, तासाचे मानधनही द्या.