स्टेशनवरचा चहाचा दिवा आणि बटणाएवढा सेल

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरकडे पहिली रेल्वेगाडी सुटली. त्या गर्दीत मीही होतो. घरी आल्यावर नातू म्हणाला, "आजोबा, आपण घरी स्टेशन करू या का?" वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मला हा नवा आजार जडला तो असा.

शेजारीपाजारी हसले. "डॉक्टरसाहेब, म्हातारपणी खेळणी?" माझे मत स्पष्ट आहे. निवृत्तीनंतर दिवसभर टीव्हीपुढे बसून गुडघे आणि साखर मोजणारी मंडळी मी दवाखान्यात रोज पाहतो. बोटांना बारीक काम आणि डोक्याला कोडे देणारा छंद त्यांना हवाच आहे. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे. रुळांभोवती वसवलेले गाव, सिग्नल, दिव्यांचे खांब. एकदा अवश्य पाहा, मग खेळणे कशाला म्हणायचे ते ठरवा.

आमचे स्टेशन सत्त्याऐंशीस एक या मापाचे. सहा फुटी माणूस त्यात दोन सेंटिमीटरचा होतो. त्याच्या टपरीवर निऑनसारखी पाटी लावायची तर किती लहान, विचार करा! खऱ्या निऑनच्या काचेच्या नळीत वायू असतो आणि तो पेटवायला हजारो व्होल्ट लागतात, त्याचे घरी नावही काढू नये. त्याऐवजी आता दोऱ्यासारखी लवचिक एलईडी तार मिळते. ती तीन व्होल्टवर उजळते. नऊ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरला जोडताना मध्ये ३३० ओहमचा रेझिस्टर घालायचा, नाहीतर तार जळते. अक्षरे वळवताना माझ्या दोन तारा तुटल्या, म्हणून 'चहा' लिहिण्याचा हट्ट सोडून कपाची नुसती आकृती केली. नको तिथला उजेड काळ्या रंगाने झाकला की हुबेहूब निऑन दिसतो.

आता आरोग्याचे. चाळिशीनंतर जवळचे दिसत नाही, तेव्हा नाक टेबलाला टेकवण्यापेक्षा चष्मा तपासून घ्या आणि भिंग वापरा. बारीक कामात पापण्या कमी मिटतात, डोळे कोरडे पडतात, म्हणून दर वीस मिनिटांनी नजर दूर टाकावी. सोल्डरिंगचा धूर राळेचा असतो. त्याने दमेकऱ्यांचा दमा उठतो, म्हणून खिडकी उघडी हवी. सोल्डरमध्ये शिसे असू शकते, म्हणून हात साबणाने धुतल्याशिवाय सुपारीचे खांडही तोंडात टाकू नये.

पण हे सारे किरकोळ. मुख्य गोष्ट सांगायला मला लाज वाटते. तार पेटते का हे पाहण्यासाठी मी रुपयाएवढा चपटा, तीन व्होल्टचा लिथियम सेल वापरत असे आणि काम झाले की टेबलावरच ठेवत असे. एका संध्याकाळी शेजारची दोन वर्षांची मुलगी खेळायला आली. माझी पाठ वळली तेवढ्यात सेल तिच्या तोंडात! तिच्या आईने बोट घालून तो जिभेवरून काढला, म्हणून निभावले. डॉक्टर मी होतो, लक्ष तिचे होते.

असा सेल अन्ननलिकेत अडकला तर ओलाव्यातून वीज वाहते, तिथे दाहक क्षार तयार होतो आणि दोन तासांत खोल भाजते. 'संपलेला' सेलही भाजतो. मूल कधी लाळ गाळते, खोकते, खात नाही, तर कधी काहीच दिसत नाही. नुसता संशय आला तरी थांबू नका. उलटी करवू नका, बोट घशात खोल घालू नका, केळी-भात भरवू नका. थेट एक्स-रेची सोय असलेले रुग्णालय गाठा, मग ते बीडचे जिल्हा रुग्णालय असो की अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय, जे जवळ असेल ते. सेल गिळल्याची शंका आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा, कारण एक्स-रेत तो नाण्यासारखा दिसतो, फक्त कडेला दुहेरी कडे असते. मूल एक वर्षावरचे असेल, गिळता येत असेल आणि बारा तास उलटले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध द्यावा, सहा वेळांपेक्षा जास्त नाही. पण मध शोधण्यात गाडी चुकवू नका. नाकात किंवा कानात घातलेला सेलही तितकाच घाईचा.

हे सेल फक्त माझ्यासारख्या हौशी माणसाकडे असतात असे नाही. रिमोट, वजनकाटा, गाणारी भेटकार्डे, जत्रेतली लुकलुकणारी खेळणी, सगळीकडे आहेत. झाकणाला स्क्रू नसलेले खेळणे लहान मुलाच्या घरात आणू नये, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. ते कितीही स्वस्त असो.

माझे सेल आता कपाटाच्या वरच्या, कुलपाच्या खणात असतात. टपरीवरचा लाल कप रोज संध्याकाळी पेटतो. ती मुलगी तो पाहायला येते. तिची आई मात्र दारातूनच आधी माझ्या टेबलावर नजर फिरवते आणि मगच तिला आत सोडते.