वहीचा धाक

बांधवहो, प्राप्तिकराचे नाव काढताच आमचा सुतार-लोहार कलमकसायाच्या ओसरीवर हात जोडून बसतो. "वह्या नाहीत? दंड होईल!" असा धाक घालून तो धूर्त वर्षानुवर्षे पैसे उकळतो. कायदा तर निराळेच सांगतो! दोन कोटींच्या आत उलाढाल असणाऱ्यास रोख जमेवर शेकडा ८, बँकेतून आलेल्या जमेवर शेकडा ६ नफा धरता येतो. अधिक मिळाला तर अधिक सांगावा. मग वह्यांची सक्ती नाही. वीस लाख रोख जमेवर शेकडा ८ म्हणजे १,६०,००० रुपये. दुसरी मिळकत नसेल तर कर शून्य! मात्र ही वाट पाच वर्षांच्या आत सोडल्यास पुढील पाच वर्षे ती बंद होते. नेमके हेच तो सांगत नाही. मग वह्यांचे पैसे कशाचे घेतोस, हे त्यास त्याच्याच ओसरीवर विचारा.